धातूतली वीण: बुरूड, तांबट आणि घडवा यांच्या कामातील एक समान धागा

बांबू किंवा वेत यांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतवून भांडे तयार करणे आणि धातू तापवून, ठोकून किंवा वितळवून त्याला आकार देणे, या दोन कामांचा विचार कारागिरीच्या इतिहासात सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत केला जातो. पहिल्या कामाला विस्तव लागत नाही, पाणी आणि धारदार सुरी पुरते. दुसरे काम भट्टीशिवाय होत नाही. पहिल्याचा कच्चा माल रानातून येतो आणि काही वर्षांत पुन्हा मातीला मिळतो, तर दुसऱ्याचा खाणीतून येतो आणि वजनावर विकला जातो. महाराष्ट्रातील जुन्या पेठांमध्येही बुरूड आळी आणि तांबट आळी वेगळ्या असत, जाती वेगळ्या आणि आराध्य दैवतेही बहुधा वेगळी. तरीही घरातील, देवघरातील आणि बाजारातील जुन्या वस्तू नीट पाहिल्या, तर या दोन धंद्यांमधील भिंत वाटते तेवढी भक्कम नव्हती असे दिसते. धातूच्या अनेक वस्तूंच्या रूपात, नावात किंवा घडणीच्या क्रमात टोपलीची वीण टिकून राहिली आहे, आणि ती कशी टिकली हे समजून घेतल्याशिवाय या दोन्ही धंद्यांचा वारसा पुरता कळत नाही.

एका द्रव्यात जन्मलेला आकार दुसऱ्या द्रव्यात उतरतो, ही गोष्ट युरोपीय अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात शास्त्रीय चर्चेत आणली. जर्मन वास्तुविद गोट्फ्रीड झेम्पर याने १८६० ते १८६३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘डेर श्टील’ या ग्रंथात अशी मांडणी केली की विणकाम ही मानवाची आद्य कला असून भिंतीचे पहिले रूप म्हणजे विणलेले कूड होय, आणि पुढे माती, दगड व धातू वापरात आले तेव्हा त्यांनी हे विणलेले रूप आपल्या अंगावर वागवले. या प्रक्रियेला त्याने जे नाव दिले त्याचा मराठीत ‘द्रव्यांतर’ असा अर्थ करता येईल. १८८९ मध्ये हेन्री कॉली मार्च या इंग्रज अभ्यासकाने अशा वस्तूंसाठी ‘स्क्यूओमॉर्फ’ अशी संज्ञा घडवली. जुन्या द्रव्यात गरजेपोटी आलेला तपशील नव्या द्रव्यात गरज संपल्यावरही केवळ अलंकार म्हणून राहिला की त्या वस्तूला ही संज्ञा लागू होते. दोघांची मांडणी उपयोगाची असली तरी तिच्यात एक उणीव आहे. तिचे लक्ष वस्तूच्या बाह्य रूपावर आहे, हाताच्या कृतीवर नाही. भारतीय उदाहरणे पाहताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो, कारण येथे काही ठिकाणी टोपलीचे रूप धातूत उतरले आहे, काही ठिकाणी केवळ तिचे काम आणि नाव उतरले आहे, आणि काही ठिकाणी तर विणण्याची कृतीच धातूकामात जाऊन बसली आहे.

या शेवटच्या प्रकाराचा फार जुना पुरावा बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळच्या मेहरगढ येथे मिळतो. ज्यां-फ्रांस्वा जारिज या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून तेथे उत्खनन झाले. मातीची भांडी घडवण्याची कला अवगत होण्यापूर्वीच्या थरांत तेथे डांबराचा लेप दिलेल्या टोपल्यांचे अवशेष सापडले. विणलेल्या टोपलीत पाणी राहत नाही, ही अडचण डांबराने दूर केली जाई. महाराष्ट्रात धान्याची कणगी शेणामातीने लिंपण्याची रीत याच विचारातली आहे. त्याच स्थळी, पण बऱ्याच नंतरच्या थरात, चाकाच्या आकाराचा तांब्याचा एक छोटा ताईत मिळाला. सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचा हा ताईत मेण गाळून ओतकाम करण्याच्या पद्धतीचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना नमुना मानला जातो. मेणाच्या बारीक कांड्या एकमेकींवर आडव्या ठेवून, दाबून, भोवती मेणाचेच कडे वळवून त्याचा साचा केला होता आणि मग त्या मेणाची जागा तांब्याने घेतली. टोपलीचा तळ घालताना पट्ट्या जशा आडव्या-उभ्या ठेवतात तशीच ही सुरुवात आहे. त्या कारागिराने टोपली पाहूनच हे केले असे म्हणण्याला आधार नाही; मात्र काड्या रचून आकार उभा करण्याची सवय त्या वस्तीत हजारो वर्षे रुळलेली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

मेणाच्या काडीपासून धातूची वस्तू घडवण्याची हीच पद्धत आजही छत्तीसगडातील बस्तर भागात जिवंत आहे. तेथील ओतकाम करणाऱ्या समाजाला घडवा म्हणतात. बंगाल, ओडिशा आणि झारखंड या भागांतील अशाच कारागिरांचे ढोकरा हे नाव आता या साऱ्या कामालाच मिळाले आहे. बस्तर हा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. तो गडचिरोली जिल्ह्याला लागून आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजे नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले होते, आणि तेथे व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या हलबी बोलीत मराठीच्या खुणा स्पष्ट ऐकू येतात.

घडवा कारागीर प्रथम भाताचे तूस मिसळलेल्या मातीचा गाभा करतो, म्हणजे पुढे धातूच्या वस्तूच्या आत जी पोकळी राहायची तिचा आकार मातीत घडवतो. गाभा वाळला की त्यावर सेमीच्या, म्हणजे वालाच्या जातीच्या वेलाच्या, पानांचा रस चोळून पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो. त्यानंतर मधमाश्यांचे मेण वितळवून, गाळून, पिचकी नावाच्या लाकडी दाबयंत्रातून त्याचे लांब धागे काढले जातात. मराठी घरातील शेवेचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणला तर पिचकीचे काम ध्यानात येईल. मग हा धागा गाभ्याभोवती, एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटवत, मध्ये फट न ठेवता गुंडाळत न्यायचा असतो. घोड्याची मान असो, देवीचे अंग असो की दिव्याची दांडी असो, सारे शरीर या वेढ्यांनीच झाकले जाते, आणि डोळे, दागिने, आयाळ हे तपशील वरून वेगळ्या धाग्यांनी बसवले जातात. त्यावर आधी बारीक चाळलेल्या मातीचा आणि नंतर जाड मातीचा थर देतात, धातू आत शिरण्यासाठी वाट ठेवतात, आणि भट्टीत मेण नाहीसे झाले की रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले पितळ उतरते. शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच वस्तू निघते.

टोपली विणण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत उभ्या आणि आडव्या पट्ट्या वर-खाली गुंततात. दुसरीत गवताची किंवा वेताची लांब वळी तळापासून गोल गोल फिरवत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला बांधत भांडे उंच करत नेतात. घडव्याच्या हातातील मेणाचा धागा या दुसऱ्या तऱ्हेनेच चालतो. फरक एवढाच की टोपलीत वेढा वेढ्याला बांधावा लागतो, तर मेणात हाताच्या उबेने तो चिकटतो. म्हणून बस्तरच्या पितळी मूर्तीवर ज्या समांतर रेषा दिसतात त्यांना केवळ नक्षी म्हणणे चुकीचे आहे. त्या घडणीच्या क्रमाची नोंद आहेत. कोणता वेढा आधी बसला, कोठे धागा संपला आणि दुसरा जोडला, हे वस्तूवरून वाचता येते. बंगाल-ओडिशाकडील ढोकरा कारागिरांनी ओतलेल्या धान्य मोजण्याच्या पितळी मापांवर तर हे साम्य अधिकच ठळक होते, कारण त्यांच्या काठालगतचे धाग्यांचे पट्टे थेट टोपलीच्या बांधलेल्या काठासारखे दिसतात.

या कामाचा पद्धतशीर अभ्यास ज्या दोन स्त्रियांनी केला त्यांची पार्श्वभूमीही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘सिर पेर्द्यू कास्टिंग इन इंडिया’ हा १९६२ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणाऱ्या रूथ रीव्ह्ज या मूळच्या अमेरिकन वस्त्रसंकल्पक होत्या. कापडाचा पोत ओळखणाऱ्या नजरेने त्यांनी हे ओतकाम पाहिले. मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) या शिल्पकर्तीने म्यूनिकमध्ये शिक्षण घेतल्यानंतर बस्तरच्या घडव्यांकडून हे काम शिकून घेतले, देशभरच्या धातुकारागिरांची माहिती गोळा करून ‘मेटलक्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९७८ मध्ये सिद्ध केला, आणि मेणाच्या पट्ट्या व धागे यांच्याच साह्याने स्वतःची भव्य ब्राँझशिल्पे घडवली. आधुनिक भारतीय शिल्पकलेत विणीचा पोत धातूवर आणण्याचे एवढे मोठे काम क्वचितच कोणी केले असेल.

संस्कृत ग्रंथांत या ओतकामाला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात; मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. त्याचे सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आले असून तो ११२९ च्या सुमारास रचला गेला. जुन्या मराठीच्या खुणा जपणारा ग्रंथ म्हणून तो मराठी अभ्यासकांना परिचित आहेच. ज्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, राजाच्या नावावर हे ओतकामाचे शास्त्र लिहिले गेले, त्याच नगरात काही दशकांनी बसवेश्वरांच्या शरणमंडळात मेदार केतय्या हा टोपल्या विणणारा संत होऊन गेला. मेदार म्हणजे कन्नड मुलखातील बुरूड. त्याची वचने कन्नड साहित्यात मान्यता पावली, आणि महाराष्ट्रातील बुरूड समाजही केतय्यास्वामींना आपला पूर्वज-संत मानतो. एका नगराच्या एका शतकातील या दोन आठवणींत मोठे अंतर आहे: धातूकामाची विद्या राजाश्रयाने संस्कृत श्लोकांत जपली गेली, आणि बुरूडकामाची आठवण समाजाने आपल्या संताच्या नावाने तोंडी जपली. बुरूडाने पट्टी कशी चिरावी, तळ कसा घालावा, काठ कसा बांधावा हे कोणा राजाने लिहवून घेतले नाही. वारशाच्या नोंदीतील ही विषमता पुढील सर्व काळात कायम राहिली.

महाराष्ट्रात या दोन धंद्यांची गाठ स्वयंपाकघरात पडली. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत त्वष्टा कासार समाजाचे कारागीर पेशवेकाळात कोकणातून येऊन स्थिरावले, असे परंपरा सांगते. तांब्याच्या पत्र्याची चकती ठोकून खोलगट करताना तांबे कडक होत जाते. मग ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावे लागते, आणि हे अनेकदा केल्यावर हंडा, घंगाळ किंवा बंब तयार होतो. अखेरीस गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने साऱ्या अंगावर एकसारखे ठोके देतात. याला मठारकाम म्हणतात. मठारल्याने पत्र्याला बळकटी येते आणि प्रकाशात चमकणाऱ्या खळग्यांच्या रांगा उमटतात. मठारणारा कारागीर मध्यापासून बाहेर गोल फिरत जातो आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला लागून बसवतो. एकही जागा सोडून चालत नाही. बुरूड आपल्या टोपलीत याच वाटेने जातो. त्याची पट्टी वाळली की मोडते, म्हणून ती पाण्याने भिजवून मऊ ठेवावी लागते. तांबटाला जे विस्तव देतो ते बुरूडाला पाणी देते.

या दोघांच्या कामाची तुलना एकाच नावाच्या वस्तूत करायची असेल तर रोवळीइतके चांगले उदाहरण नाही. तांदूळ धुऊन पाणी निथळण्यासाठी वापरली जाणारी रोवळी मुळात बांबूची असे. तिची वीण अशी घट्ट लागते की पाणी गळावे, पण तांदळाचा कणही जाऊ नये. पुढे तांब्या-पितळेच्या आणि अलीकडे स्टीलच्या रोवळ्या आल्या, नाव मात्र तेच राहिले. आकार बदलला: बुरूडाने आडव्या-उभ्या पट्ट्यांनी घातलेला तळ चौकोनाकडे झुकतो आणि तोंडाशी येईपर्यंत भांडे गोल होते, तर धातूची रोवळी गोल चकतीतून जन्मते म्हणून ती तळापासूनच गोल असते. त्याहून मोठा बदल भोकाच्या अर्थात झाला. बांबूच्या रोवळीत भोक म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये राहिलेली जागा असते, ते विणकराने वेगळे पाडलेले नसते. धातूच्या रोवळीत आधी अखंड पत्रा असतो आणि मग एकेक भोक पाडावे लागते. अशा रीतीने रोवळीत टोपलीचे काम आणि नाव टिकले, वीण गेली. बस्तरच्या मूर्तीत वीण टिकली, टोपलीचे काम गेले. वारसा अखंडपणे एका द्रव्यातून दुसऱ्यात जातो असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र वीण अधिक थेटपणे धातूत शिरली. सोन्या-चांदीची तार पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक केली की ती दोऱ्यासारखी वळते. अशा तारा विणून केलेल्या गळ्यातील दागिन्याला मराठीत गोफ म्हणतात. शिमग्यात दोऱ्यांची वीण घालत आणि पुन्हा उलगडत नाचल्या जाणाऱ्या गोव्यातील नृत्याचेही तेच नाव आहे. कमरेचा करदोडा आधी सुताचा आणि मग चांदीचा झाला. पैठणच्या मागावर तर धातूची जर प्रत्यक्ष विणलीच गेली.

तरीही बुरूडकाम आणि धातूकाम यांची सर्वांत अर्थपूर्ण भेट विधींमध्ये होते, कारण तेथे एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. दोघे शेजारी उभे आहेत. नवरात्रात घट बसवताना अनेक घरांत परडीत किंवा टोपलीत माती घालून धान्य पेरतात आणि मध्ये तांब्याचा किंवा मातीचा कलश ठेवतात. तांब्याचा कलश पिढ्यान्‌पिढ्या तोच असतो, टोपली मात्र दरवर्षी नवी लागते. यल्लम्मेच्या जोगतिणी डोक्यावर जो जग घेऊन फिरतात त्यात टोपलीवर किंवा घागरीवर देवीचा धातूचा मुखवटा बसवलेला असतो. कोकणात गौरीच्या सणाला नवी सून सुपांचा ओवसा भरते. लग्नात मुलीच्या पाठवणीआधी वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकी दिवे लावलेली वेळूची टोपली टेकवण्याचा जो विधी आहे त्याला झाल किंवा ऐरणीदान म्हणतात, आणि त्या टोपलीला वंशपात्र. वंश या संस्कृत शब्दाचे बांबू आणि कुळ असे दोन्ही अर्थ आहेत. एका पेरातून दुसरे पेर फुटत जाणाऱ्या वेळूत कुळाची वाढ पाहणारी ही भाषा आहे, आणि म्हणून कितीही श्रीमंत घर असले तरी तेथे चांदीच्या पात्राने हे काम होत नाही.

यातून स्मृतीच्या दोन वेगळ्या तऱ्हा दिसतात. देवघरातील चांदीचा टाक, म्हणजे देवतेची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेला छोटा पत्रा, हा वस्तू जपून आठवण जपतो. हंड्यावर ठोक्यांनी कोरलेले नाव, गाव आणि लग्नाची तारीख हीदेखील अशीच नोंद आहे. टोपलीची आठवण अशी राहत नाही. ती झिजते, किडते, आणि दरवर्षी नवी करावी लागते म्हणूनच ती करणारा हात जिवंत राहतो. धातू टिकाऊ असतो हेही पूर्ण खरे नाही. जुनी भांडी मोड म्हणून वजनावर दिली जातात आणि वितळून नवी होतात; ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचारच या व्यवहारातून आलेला दिसतो. बस्तरच्या घडव्याच्या भट्टीत जाणारे पितळही पुष्कळदा अशा फुटक्या भांड्यांचेच असते. म्हणजे द्रव्य टिकते, पण त्यावर कोरलेले नाव जाते.

विसाव्या शतकात या दोन्ही धंद्यांवर एकाच दिशेने घाव आले. ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक यांनी हंडा व टोपली दोघांनाही घराबाहेर काढले. बुरूडांना कायद्याचीही अडचण होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वृक्ष या संज्ञेत बांबूचाही समावेश केला होता, त्यामुळे तो तोडण्यावर आणि वाहून नेण्यावर वनखात्याचे नियंत्रण राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले, २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. मधल्या नव्वद वर्षांत अनेक बुरूड कुटुंबांनी कामटीची सुरी खाली ठेवली होती.

तांब्याची भांडी अलीकडे पुन्हा मागवली जातात, मठारकामाचे कौतुक होते, बस्तरचे पितळ दिवाणखान्यांत मांडले जाते. हे चांगलेच आहे. पण या धातूला ज्या कामाने वेढा घालायला शिकवले त्या बुरूडकामाची शब्दसंपदा, तळ घालण्याच्या रीती, गावोगावचे सुपांचे आणि रोवळ्यांचे आकार यांची नोंद अजून फार थोडी झाली आहे. ज्यांच्या घरी पितळी रोवळी आहे त्यांनी ती मोडीत देण्याआधी तिच्यावरचे नाव उतरवून घ्यावे, आणि पुढच्या घटस्थापनेला परडी आणायला बुरूड आळीत जातील तेव्हा ती विणणाऱ्याचे नावही विचारून लिहून ठेवावे. हंड्यावर मालकाचे नाव असते. परडीवर आजवर कोणाचेच नाव घातलेले नाही.